तास संपेपर्यंत

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही सकाळची आहे.

मागच्या नोव्हेंबरातला मंगळवार. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. हैदराबादेत मलकपेठला माझं घर आहे, त्या घराची आतली खोली. बाहेर लख्ख ऊन होतं. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. खोलीत मी आणि माझी भाची रेणू, दोघीच होतो.

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांना खरं बोलायला शिकवण्यात आयुष्य गेलं. आता बहात्तराव्या वर्षी खोटं सांगून मला काय मिळणार?

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी माझी एक विनंती आहे, तिच्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी रेणूचं काम समजावून सांगते. ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. घाबरू नका, सोपं आहे.

रेणू कॉम्प्युटरच्या कंपन्यांसाठी माहितीपुस्तकं लिहिते. नवीन टूल तयार झालं की ते कसं वापरायचं, हे तिने साध्या इंग्रजीत लिहून द्यायचं. तिच्या घरी रंगकाम चालू होतं, म्हणून पंधरा दिवस ती माझ्याकडे राहायला आली होती. शुक्रवारपर्यंत तिला एक पुस्तक संपवून द्यायचं होतं.

ते टूल नियमांची परीक्षा घेणारं होतं. मोठ्या ऑफिसांत कोणी कुठे जायचं, काय उघडायचं, याचे नियम असतात. नियम शेकडो झाले की एकमेकांत अडकतात. मग या टूलला प्रश्न विचारायचे. अमुक माणूस, अमुक दार, अमुक वेळ... सोडायचं की नाही? आपल्याला अपेक्षित उत्तरही आधीच लिहायचं. टूल नियम वाचून आपलं उत्तर देतं. दोन्ही जुळली तर हिरवी खूण, नाही जुळली तर लाल. आणि कोणत्या नियमामुळे हे उत्तर आलं, ते शेजारी एका ओळीत लिहितं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे टूल कुठल्याही खऱ्या दाराला जोडलेलं नसतं. सगळं पाटीवरच्या गणितासारखं. दार नसतं, माणूस नसतो. आपण विचारू तेवढेच प्रश्न.

आणखी दोन गोष्टी. ज्याची परवानगी नियमात लिहिलेली नाही, त्याला नकार. आणि दहा नियम 'ये' म्हणाले, पण एकच नियम 'नको' म्हणाला, तरी नकोच.

हे ऐकून मी हसले. म्हटलं, हा तर माझा चौथीचा वर्ग झाला.

रेणूने ते उचलूनच धरलं. तिला पुस्तकभर चालेल असं एक उदाहरण हवं होतं. मी तिला माझी नारायणगुड्याची शाळा दिली. वर्ग चौथी ब. साडेदहाला शाळा भरते, मग प्रार्थना. दहा चाळीसला बाई दाराला कडी घालतात. उशिरा येणाऱ्याने पहिला तास संपेपर्यंत बाहेर थांबायचं. साडेचारला शाळा सुटते, पण घरचं कोणी न्यायला आल्याशिवाय चौथीच्या मुलांना सोडायचं नाही.

कडीचा नियम शाळेचा नव्हता. माझा होता.

मग तिला मुलांची नावं हवी होती. ती टाइप करत गेली आणि मी सांगत गेले. बाईंना मुलांची नावं एकेकटी आठवत नाहीत, हजेरीच आठवते. पाढ्यासारखी. डोळे मिटले आणि एका वर्षाची हजेरी आपोआप तोंडात आली. एकपासून चौदापर्यंत म्हटली. नऊ, गणेश. दहा, कविता. अकरा... बारा, प्रशांत.

अकरा नंबरला मी कोणतं नाव घेतलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

रेणूने चौदा नावांपैकी पाच मुलांवर पाच प्रश्न लिहिले. सोमवारी संध्याकाळी टूल चालवलं. पाच हिरव्या खुणा. आम्ही चहा प्यालो.

मंगळवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसली. मी शेजारी शेंगा सोलत होते. बैठकीतल्या पंख्याचा आवाज नको म्हणून दार लोटून घेतलं होतं.

टक्...

थोडं थांबून पुन्हा... टक्.

एका बोटाच्या पेराने दार वाजवावं, तसा आवाज. खालच्या बाजूला. माझ्या कमरेच्या उंचीवर.

मी उठून दार उघडलं. बैठकीत कोणी नव्हतं. बाहेरच्या दाराला आतून कडी होती.

उंबऱ्यावर वाळलेल्या गवताची एक काडी पडली होती. मी ती उचलली.

मलकपेठला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे, गवताच्या गाड्या येत-जात असतात. वाऱ्याने आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात मागून रेणू म्हणाली, "मावशी, ही भाग्यलक्ष्मी कोण?"

माझ्या हातातली काडी खाली पडली.

"तुला हे नाव कोणी सांगितलं?"

"तूच की. काल. अकरा नंबर."

मी पडद्याकडे पाहिलं. प्रश्न पाच होते. उत्तरं सहा.

सहाव्या ओळीत लिहिलं होतं, भाग्यलक्ष्मी... वर्ग चौथी ब... दहा चाळीस... नकार.

हा प्रश्न रेणूने लिहिला नव्हता. तिने फाईल तीनदा तपासली. मग मलाच समजावू लागली. "क्या की मावशी, जुनी कुठली फाईल राहिली असेल. तू परेशान होऊ नको."

तिने ते नाव यादीतून काढून टाकलं. टूल पुसून पुन्हा बसवलं. तिच्या वरच्या हुद्द्यावरच्या हेमंतला सगळ्या फाईली पाठवल्या. त्याच्याकडे पाच प्रश्न, पाच उत्तरं. तो हसला म्हणे. म्हणाला, जेवण कर आणि झोप.

आमच्याकडे उत्तरं सहाच राहिली.

मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

बुधवारी मी आतल्या खोलीत गेलेच नाही. बैठकीत, दारापासून चार हातांवर खुर्ची टाकून बसले. डोळे दारावर. रेणू आत.

दहा चाळीस.

टक्... टक्.

माझ्यासमोर दार वाजलं. माझ्या बाजूने. आणि दारापुढे कोणी नव्हतं.

गवताचा वास आला. घोड्याच्या पागेत येतो तसा, उबदार.

आत रेणू काहीतरी वाचत होती. अडखळत, एकेक अक्षर जुळवत. रेणूची शाळा इंग्रजी, मराठी ती बोलते चांगलं, पण वाचते पहिलीतल्या मुलासारखी.

"थां...ब. ता...स... सं...पे...प...र्यं...त."

मी दार ढकलून आत गेले.

सहाव्या ओळीत कालपर्यंत नकाराचं कारण रिकामं होतं. आज तिथे ओळ आली होती. बाकीचं सगळं इंग्रजी. ती एकच ओळ मराठीत.

थांब. तास संपेपर्यंत.

रेणूच्या लॅपटॉपवर मराठी लिहायची सोयच नव्हती.

तेव्हा मात्र मी तिला सगळं सांगितलं. तुम्हालाही सांगते.

एकोणीसशे त्र्याण्णव साल. भाग्यलक्ष्मी माझ्या वर्गात अकरा नंबरवर होती. वडील तेलुगू, शर्यतीच्या घोड्यांची निगा राखायचे. आई नांदेडकडची, म्हणून मुलगी मराठी शाळेत. तिच्या दप्तरातून नेहमी गवताच्या काड्या निघायच्या. मुलं चिडवायची, ही पण हसायची.

आई शाळेजवळच्या हिमायतनगरात घरकामं करायची. धाकटा भाऊ संदीप चार वर्षांचा. त्याला तिथल्या बालवाडीत पोचवून भाग्यलक्ष्मी धावत शाळेत यायची. रोज उशीर. रोज कडी. रोज पेराने दोनदा दार वाजवायची आणि मी म्हणायचे, थांब, तास संपेपर्यंत.

ती मुकाट्याने थांबायची. तास संपला की शिपाई तीन टोल द्यायचा, मी दार उघडून 'आत ये' म्हणायचे. मला वाटायचं, मी शिस्त लावते आहे.

ऑगस्टातल्या एका दिवशी तिने असंच दार वाजवलं. मी 'थांब' म्हणाले. भागाकार शिकवत होते. मुलांना समजत नव्हता आणि मग एकदम समजायला लागला. शिक्षकाला तो क्षण सोडवत नाही. टोल झाले, ते मला ऐकूच आले नाहीत. पुढच्या तासाला दुसऱ्या बाई आल्या नव्हत्या, मी शिकवतच राहिले.

मी दार उघडलंच नाही.

विसरले.

मधल्या सुट्टीत शिपायाने पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. अंग भट्टीसारखं तापलेलं. त्याने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आईला निरोप तिथूनच गेला. चौथ्या दिवशी ती गेली. डोक्यात चढलेला ताप होता. दोन तास आधी नेलं असतं तरी फरक पडला नसता, असं सगळे मला म्हणाले.

कोणाला काय माहीत?

वर्षभर हजेरीत तिचं नाव लाल रेघेखाली राहिलं. नंबर बदलत नाहीत. मी दहा म्हणायचे, थांबायचे, मग बारा म्हणायचे. त्या थांबण्याला सगळा वर्ग मान खाली घालायचा.

एकतीस वर्षांनी, त्या सोमवारी, मी थांबले नाही. सलग म्हणून गेले.

ज्या मुलीचं नाव घेतलं, ती आली.

रेणूने लॅपटॉप पुढे ओढला. मग तिने कडीचा नियमच पुसून टाकला. टूल चालवलं. नकार. तिने नवा नियम लिहिला, भाग्यलक्ष्मीला केव्हाही परवानगी. नकार. वर्गात सर्वांना परवानगी. नकार. कारण प्रत्येक वेळी तेच. थांब. तास संपेपर्यंत.

"आमच्या नियमांतून हे येत नाही, मावशी," ती म्हणाली. "हा नियम दुसऱ्याच कोणाचा आहे."

मला माहीत होतं कोणाचा. दहांनी 'ये' म्हटलं तरी एकाचं 'नको' जड होतं. आणि तो तास अजून संपलाच नव्हता.

शिकवणारा माणूस चूक दिसली की दुरुस्त करायला धावतो. तीच माझी पुढची चूक.

गुरुवारी मी पितळेचं मोठं ताट आणि बत्ता घेऊन आतल्या खोलीत उभी राहिले. दार लावलं. रेणू लॅपटॉपपुढे, हात मांडीवर आवळून.

टक्... टक्.

मी ताटावर बत्ता मारला. एक. दोन. तीन. शाळेच्या टोलासारखे, सावकाश. मग दार सताड उघडलं.

तिचं नाव घेतलं. म्हटलं, "तास संपला, बाळा. आत ये."

काही झालं नाही...

मग माझ्या साडीला काहीतरी घासून गेलं. एवढंसं. दप्तर घेतलेलं मूल दारातून अंग चोरून आत शिरतं, तसं.

गवताचा वास खोलीत आला.

रेणूने पडदा माझ्याकडे वळवला. भाग्यलक्ष्मी... परवानगी. हिरवी खूण.

मी खाली बसले आणि रडले. एकतीस वर्षांचं रडले. रेणू पाठीवरून हात फिरवत राहिली. आम्हाला वाटलं, झालं. मुलगी आत आली. सुटली.

दुपारी मी बैठकीतच आडवी झाले. चार वाजता माझ्याकडे गल्लीतली पाच-सहा मुलं शिकायला येतात. फी वगैरे काही नाही, मला करमत नाही म्हणून. त्या दिवशी मी त्यांच्याकडून धडा वाचून घेत होते. रेणू स्वयंपाकघरात. आतली खोली रिकामी, दार लोटलेलं.

ईशा म्हणून एक मुलगी आहे, तिसरीतली. वाचता वाचता ती थांबली. दाराकडे बघत म्हणाली, "आजी, त्या खोलीत कोण आहे? बाहेर यायला विचारतंय."

मी घड्याळ पाहिलं. साडेचार.

टक्... टक्.

आतून.

मी मुलांना लवकर घरी पाठवलं. दार उघडून दोघी आत गेलो. खोली रिकामी. लॅपटॉप मिटलेला होता. रेणूने उघडला.

आता उत्तरं सात होती.

भाग्यलक्ष्मी... बाहेर जाणे... साडेचार... नकार.

कारण मराठीत. या वेळी मीच वाचलं.

घरचं कोणी आलेलं नाही.

हाही नियम माझाच. चौतीस वर्षांत एकदाही मोडला नाही. एकदा एका मुलाचा शेजारी न्यायला आला होता, मी मुलाला सोडलं नाही. अंधार पडेपर्यंत त्याच्याबरोबर पायरीवर बसले. त्याचा मला अभिमान होता.

त्या दिवशी मी दार उघडं धरून उभी राहिले. म्हटलं, जा बाळा, मी सोडते तुला. पुन्हा ताट वाजवलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. ती शहाणी मुलगी होती, बाईंनी घातलेला नियम मोडणारी नव्हती. बैठकीत गवताचा वास आलाच नाही. आतल्या खोलीतच राहिला.

शुक्रवारी सकाळी रेणू सगळ्यात आधी त्याच कामाला लागली. साडेचारला सगळ्यांनी बाहेर जावं, असा नियम लिहिला. नकार. भाग्यलक्ष्मीने एकटीने जावं. नकार. शेवटी तिने सगळे नियम पुसले, मग सगळ्यांना सगळीकडे मोकळीक दिली. लॅपटॉपवर दार म्हणून काही उरलंच नव्हतं.

नकार. घरचं कोणी आलेलं नाही.

पुस्तकातून तिने माझी शाळा काढली, एका गोदामाचं उदाहरण घातलं आणि संध्याकाळी काम देऊन टाकलं. काम संपल्यावर कंपनीने तिचा स्वतःचा प्रवेश बंद केला. रीतच तशी असते. आता ते टूल उघडतच नाही. नवीन काही कळायचा मार्ग राहिला नाही.

रेणू आपल्या घरी गेली. जाताना म्हणाली, माझ्याकडे ये, इथे नक्को राहू. मी गेले नाही. वर्गात मूल असताना बाई निघून जात नाहीत.

भाग्यलक्ष्मीच्या घरच्यांचा शोध मी घेतला. मैदानाजवळच्या जुन्या लोकांना विचारलं. वडील पुढच्याच वर्षी काम सोडून गावाकडे गेले. आई काही वर्षांपूर्वी वारली. राहिला संदीप. तो आता पस्तिशीचा असेल. कोणी म्हणालं उप्पलकडे असतो, कोणी म्हणालं करीमनगरला. तीन संदीप सापडले, तिन्ही दुसरेच निघाले.

म्हणून हे लिहिते आहे. हीच माझी विनंती.

संदीप, तू हे वाचत असशील तर... तुला मराठी वाचता येत नसेल, तर ज्याला येतं त्याने तुला वाचून दाखवावं... तुझी अक्का माझ्याकडे आहे. तुला बालवाडीत सोडून ती शाळेत यायची, तुला आठवणार नाही. मला माफ कर असं मी म्हणत नाही. तू मला काय हवं ते बोल. फक्त एकदा साडेचारच्या आत ये. दारात उभा राहा आणि तिला हाक मार. एवढंच लागतं.

आतल्या खोलीचं दार मी आता लावत नाही. तरी वाजतं. उघड्या दारावर आवाज कसा येतो, ते मला विचारू नका. मला कळत नाही.

ईशाची आई आता तिला पाठवत नाही. बाकीची मुलंही एकेक करून थांबली. चार वाजता मी एकटीच असते. कधी कधी मोठ्याने भागाकार शिकवते. त्या दिवशी तिचा तेवढाच चुकला होता.

हे लिहिता लिहिता घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेचारला एक मिनिट आहे.

गवताचा वास येऊ लागला...

टक्...

टक्.

सोडायचं माझ्या हातात नाही. आणि उत्तर न देता मूल ताटकळत ठेवायचं, हे पुन्हा माझ्याच्याने होत नाही. म्हणून रोज म्हणते तेच आजही म्हणाले.

"थांब."